'माय फेअर लेडी' घरी दाखवायचाय: कुठली डिस्क, आणि पट्टी चढते ती कशी उतरवायची?

नांदी | सोमवार, रात्री ९:१०

गायनवर्गातल्या बारा-चौदा मुलांना घरच्या हॉलमध्ये 'माय फेअर लेडी' दाखवायचा आहे. संगीत नाटक पडद्यावर नेताना काय राखलं आणि काय बदललं, हे त्यांना कानाने कळावं एवढाच हेतू. गोष्ट 'ती फुलराणी'चीच आणि ती सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे गोष्ट समजावत बसायला नको. दोन पर्याय आहेत: इंग्लंडातली जुनी डीव्हीडी, नाहीतर अमेरिकेहून मागवायची ब्लू-रे. टीव्ही ४३ इंची, सोबत साधा साउंडबार. इंग्लंडच्या डीव्हीडीत गाणी वरच्या पट्टीत वाजतात असं ऐकलं. हे खरं का? आणि हॉलच्या भिंती मोकळ्या, खाली शहाबादी फरशी, आवाज फार घुमतो. त्यावरही सुचवा.

काळीचार | सोमवार, रात्री ९:४५

खरं आहे. गाण्याची मुलं बघणार असतील तर चित्राच्या आधी हेच तपासा. संगीतपटाच्या डिस्कची पारख आधी कानाने करायची असते, आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडून रंग आणि रेझोल्यूशनवर बोलत बसतात.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आपल्याकडची आणि इंग्लंडची जुनी टीव्ही पद्धत म्हणजे पाल, ती सेकंदाला २५ चौकटींची. डीव्हीडी बनवताना सोपा मार्ग म्हणून २४ ची फिल्म सरळ २५ ने पळवतात. त्यामुळे सगळं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास जलद होतं आणि आवाजही तेवढाच चढतो. हिशेब केला तर सुमारे ७१ सेंट (पेटीवर काळ्या धरून शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं), म्हणजे तेवढ्या अंतराच्या पाऊण भागाला जरा कमी. काळी एकची रचना पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसते, पण धड पांढरी दोनही होत नाही. पेटी घेऊन सोबत सूर धरायला गेलात तर कुठल्याच पट्टीवर बोट बसत नाही, ती हीच अडचण. १७० मिनिटांचा हा सिनेमा पालवर १६३ मिनिटांत संपतो.

अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत आणि ब्लू-रेवर २४ चा वेग जवळजवळ तसाच राहतो. नेमका २३.९७६, म्हणजे हजारात एकाचा फरक. सुरात तो दोन सेंटसुद्धा नाही, कुणाच्याही कानाला कळणार नाही.

तपासायचं असं. साउंडट्रॅक अल्बममधलं एखादं गाणं घ्या, ज्यात लांब धरलेला स्वर आहे. नायिका एलायझाचं 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट' शेवटी छान लांबतं. मोबाइलवर ट्यूनर लावा, अल्बममधला तो स्वर बघा, मग डिस्कमधला बघा. डिस्कमधला स्वर ७० सेंटच्या आसपास वर निघाला, म्हणजे काटा पुढच्या स्वराच्या तीसेक सेंट खाली दिसला, तर पट्टी चढलेली आहे. सोबत घड्याळही लावा: एकाच गाण्यातली दोन ठिकाणं ठरवून मोजा. मूळ तुकडा ३०० सेकंदांचा असेल तर पालवर २८८ भरेल.

या परीक्षेसाठी प्रोफेसर हिगिन्सची गाणी घेऊ नका. ती भूमिका करणारा रेक्स हॅरिसन अर्धं बोलत, अर्धं गात म्हणतो, स्वर धरतच नाही. ट्यूनरचा काटा नुसता नाचत राहील.

जुळेसोलापूर | सोमवार, रात्री १०:०५

सर, वेग जास्त पण सूर बरोबर असंही काही डिस्कमध्ये असतं ना?

काळीचार | सोमवार, रात्री १०:२०

असतं. काही निर्माते पालवर नेताना सूर खाली ओढून मूळ जागी आणतात. तेव्हा ट्यूनर बरोबर दाखवतो आणि घड्याळ मात्र कमी भरतं. म्हणून दोन्ही परीक्षा करायच्या. या दुरुस्तीत कधी कधी तंतुवाद्यांच्या लांब स्वरांत किंचित थरथर येते, हेडफोनवर कळते.

रीळपेटी | सोमवार, रात्री १०:५०

चढलेली डीव्हीडीच हाती असेल तर संगणकावर ती सरळ करता येते. २४ भागिले २५ म्हणजे बरोबर ०.९६. त्या वेगाने वाजवली की चित्र आणि सूर दोन्ही मूळ जागी येतात. पण एक खोच आहे. आजकालचे प्लेअर वेग बदलला तरी सूर तसाच राखतात. आपल्याला इथे तेच नको आहे.

व्हीएलसीमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ इथे 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ'ची खूण काढा. मग खाली कोपऱ्यात वेगाचा आकडा असतो त्यावर क्लिक करून ०.९६ ला आणा. सरकपट्टी कधी ०.९५ नाहीतर ०.९७ वर अडते. म्हणून नेमकेपणा हवा असेल तर एमपीव्ही हा प्लेअर घ्या. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी टाका: स्पीड ०.९६, आणि ऑडिओ पिच करेक्शन नो. सूर आधीच दुरुस्त केलेली डिस्क असेल तर ही दुसरी ओळ टाकायची नाही, फक्त वेग कमी करायचा.

यात नेहमी दोन गोष्टी अडतात. पहिली, आवाज 'पासथ्रू'ने थेट साउंडबारकडे जात असेल तर संगणकाला त्याचा वेग बदलताच येत नाही. आउटपुट पीसीएम करा, म्हणजे आवाज संगणकातच उलगडला जातो. दुसरी, टीव्हीचा रिफ्रेश, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ०.९६ केल्यावर चित्र २४ चौकटींचं होतं, तेव्हा ग्राफिक्स सेटिंगमध्ये २४ हर्ट्झ असेल तर तेच निवडा. ६० वर ठेवलंत तर कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र अडखळत जातं.

आणि काही पाल डिस्क मुळात अमेरिकी व्हिडिओवरून उतरवलेल्या असतात. त्यांच्यात सूर नीट असतो पण चित्र बिघडलेलं. हलत्या दृश्यात पॉज करून बघा, एका माणसाच्या दोन पुसट आकृत्या दिसल्या तर समजा. त्याला घरच्या घरी उपाय नाही, ती डिस्क परत करा.

नांदी | मंगळवार, सकाळी ७:३०

इतकं सगळं करण्यापेक्षा ब्लू-रेच घ्यावी असं दिसतंय. पण आपल्याकडच्या प्लेअरवर चालेल का?

रीळपेटी | मंगळवार, सकाळी ८:१५

रीजन बघावा लागतो. डीव्हीडीचा आपला रीजन ५, इंग्लंड-युरोपचा २, अमेरिकेचा १. ब्लू-रेत अमेरिका ए, युरोप बी आणि भारत सी. पाठीमागच्या कव्हरवर पृथ्वीच्या किंवा षटकोनाच्या खुणेत हे छापलेलं असतं. ए-बी-सी तिन्ही असतील तर कुठेही चालते. आकडा दिसत नसेल तर विक्रेत्याकडून मागच्या कव्हरचा फोटो मागवा, नुसत्या वर्णनावर जाऊ नका. ४के डिस्कला रीजन नसतोच, पण तिला ४के प्लेअरच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती उघडतही नाही. ४के च्या डब्यात बरेचदा साधी ब्लू-रेही असते. ती मात्र रीजनने बांधलेली असू शकते.

आवृत्तीबद्दल थोडं. हा सिनेमा १९६४ चा, जॉर्ज क्युकरचा, सुपर पॅनाव्हिजन ७० मध्ये चित्रित. निगेटिव्ह ६५ मिलिमीटरची, आणि थिएटरच्या प्रिंटवर चुंबकीय ध्वनिपट्ट्यांना जागा हवी म्हणून ती ७० मिलिमीटर होते. आवाजाचे सहा ट्रॅक. निगेटिव्हची अवस्था फार वाईट झाली होती. १९९४ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पुढे पन्नाशीच्या निमित्ताने मोठ्या निगेटिव्हचं ८के स्कॅनिंग झालं आणि २०१५ ची ब्लू-रे त्यातून आली. ४के डिस्क २०२१ ची. तेव्हा ब्लू-रे घेताना डब्यावर पन्नासाव्या वर्षाचा उल्लेख आहे का बघा. त्याआधी २०११ मध्ये आलेली ब्लू-रेही बाजारात फिरते, ती या नव्या स्कॅनिंगची नाही.

नकली डीव्हीडी ओळखायची तर डिस्कची खालची बाजू उजेडात धरा. कारखान्यात छापलेली चंदेरी दिसते, घरी जाळलेली जांभळट किंवा निळसर.

होटगीरोड | मंगळवार, सकाळी ११:४०

४के घेऊच नका असं माझं मत. तिच्यातल्या एचडीआरला, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राला, भरपूर उजेडाचा पडदा लागतो. स्वस्त टीव्हीवर एचडीआर लावलं की कॉव्हेंट गार्डनचा रात्रीचा प्रसंग सगळा काळवंडून जातो. तुमच्या टीव्हीला २०१५ ची ब्लू-रे पुरे आहे.

टीव्हीत बदलायचं ते एवढंच: मोशन स्मूदिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस शून्याजवळ, पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर. फिल्मचा दाणा दिसतो तो दोष नाही. नॉइज रिडक्शनने तो पुसायला गेलात की सेसिल बीटनने या सिनेमासाठी केलेल्या कपड्यांचं विणकामही पुसलं जातं. सोलापूरच्या माणसाला तरी कापडाचा पोत गेलेला चालू नये.

'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' नावाचं सेटिंग चालू करा, नाहीतर टीव्ही चारी बाजूंनी चित्र थोडं कापतो. चित्राचं प्रमाण २.२० ला १ आहे. ४३ इंची टीव्हीवर वर-खाली साधारण पाच-पाच सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. नसतील तर चित्र ताणलेलं आहे किंवा बाजूंनी कापलेलं. अ‍ॅस्कॉटच्या घोडशर्यतीचा प्रसंग लावून बघा. तिथे काळ्या-पांढऱ्या-करड्या कपड्यांतली माणसं पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने उभी असतात. कडेची माणसं अर्धी कापलेली दिसली की लगेच कळतं.

पण मुख्य अडचण वेगळीच आहे. पट्ट्या वजा जाता चित्राची उंची उरते ४३ सेंटिमीटर. एवढ्या उंचीचं चित्र अडीच मीटरपलीकडून नीट दिसत नाही, आणि चौदा मुलं अडीच मीटरच्या आत बसत नाहीत. प्रोजेक्टर भाड्याने घ्या. १०० इंची चित्राची रुंदी २ मीटर २१ सेंटिमीटर, या सिनेमाची उंची बरोबर १ मीटर. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड असेल तर प्रोजेक्टर भिंतीपासून साधारण ३.३ मीटरवर ठेवावा लागेल. रात्री, दिवे बंद करून दोन हजार अ‍ॅन्सी ल्युमेन पुरतात. आणताना फुल एचडी आहे ना ते बघूनच आणा. वर्गात तक्ते दाखवायला वापरतात तो १०२४ बाय ७६८ चा असतो, त्यावर हा सिनेमा फक्त ४६५ ओळींत मावतो. मग ब्लू-रे घेऊन फायदा काय?

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर यूपीएसवर लावा. मध्येच लाइट गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा फुटू शकतो. एलईडीवाल्याला ही भीती कमी.

चाटीगल्ली | मंगळवार, दुपारी ३:००

घुमण्याचं मी सांगतो बगा. सोलापुरात राहून बाहेरून फोम मागवायची गरज नाही, आपली जाड जेकॉर्ड चादर लै कामाची. पण लावायची रीत आहे. भिंतीला ताणून चिकटवली तर फार काही होत नाही. दोरीवर किंवा काठीवर चुण्या पाडून टांगायची, दीड पट कापड घ्यायचं, आणि भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ठेवायची. मागे हवा राहिली की साधारण साडेआठशे हर्ट्झच्या वरचा आवाज ती चांगला खाते. दोन चादरी एकावर एक टाकल्या तर अजून बरं.

कुठं टांगायची? पडद्याकडं तोंड करून मधल्या जागेवर बसा. दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. दोन्ही बाजूंना एक-एक, आणि मागच्या भिंतीला दोन. फरशीवर सतरंजी टाकाच, मुलं तशीही खालीच बसणार. झालं की टाळी वाजवून बघा. 'टर्रर्र' असं मागून येणं थांबलं पायजे.

टर्किश टॉवेल पण चालतात. चाळीस-पन्नास टॉवेल गठ्ठा करून कोपऱ्यात रचले तरी फरक पडतो.

काळीचार | मंगळवार, दुपारी ४:१०

चादरीचं अगदी योग्य. फक्त एक लक्षात ठेवा, कापडाने खर्ज कमी होत नाही. चारी भिंती चादरींनी झाकल्या तर वरचे स्वर मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो, गाणं गुदमरल्यासारखं लागतं. चाटीगल्लींनी सांगितल्या तेवढ्या चार जागा पुरे. खर्ज घुमत असेल तर साउंडबारचा सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि त्याची पातळी दोन-तीन पायऱ्या खाली आणा.

रीळपेटी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

साउंडबारची जोडणी. प्लेअरपासून एचडीएमआय आधी साउंडबारला, तिथून टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला. बारला इनपुट नसेल आणि टीव्हीच्या एआरसीतून (टीव्हीकडून बारकडे आवाज परत नेणारी एचडीएमआयची सोय) आवाज येत असेल तर ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज पोचणार नाही, साधा डॉल्बी डिजिटलच पोचेल. त्यासाठी दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे त्याच सोयीची सुधारलेली आवृत्ती, लागतं. बाराशे चौरस फुटांच्या घरात चौदा मुलांसाठी साधा डॉल्बीही वाईट नाही, पण ब्लूटूथ अजिबात नको. आवाज शे-दीडशे मिलिसेकंद मागे पडतो आणि कोण गातंय तेच कळत नाही.

बारमधलं 'नाइट मोड' आणि टीव्हीतलं 'ऑटो व्हॉल्यूम' बंद ठेवा. ही दोन्ही हळू आवाज मोठा करतात, मोठा आवाज दाबतात. ऑर्केस्ट्रा हळूहळू चढत जातो ते सगळं सपाट होतं. संवाद कमी ऐकू येत असतील तर सेंटर, म्हणजे संवादांचा मधला चॅनेल, दोन-तीन डेसिबलने वाढवा, तेवढंच.

जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ८:००

ओठ आणि आवाज जुळवायला एलायझाचं गाणं लावून बघितलं तर चालेल? मिलिसेकंदांत पुढेमागे करायचं सेटिंग आहे बारमध्ये.

काळीचार | मंगळवार, रात्री ८:२५

नाही, इथे उलटं करायचं. हे नीट समजून घ्या, मुलांनाही सांगण्यासारखं आहे.

एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली आहेत. एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं गाणंही प्लेबॅक, जेरेमी ब्रेटसाठी बिल शर्ली गायला. त्यामुळे तिथे ओठ आणि आवाज मुळातच कुठे कुठे किंचित सुटलेले आहेत. त्यावरून यंत्र जुळवायला गेलात तर सिनेमाभर सगळं चुकेल. रेक्स हॅरिसन मात्र दर खेपेला वेगळी लय घेऊन म्हणायचा, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं त्याला जमणारं नव्हतं. म्हणून टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याची गाणी चित्रीकरणातच मुद्रित केली. त्याचं 'अ‍ॅन ऑर्डिनरी मॅन' लावा आणि त्याच्या 'प', 'ब', 'म' वर जुळवा, कारण तिथे ओठ मिटतात. सुराची परीक्षा एलायझावर, ओठांची हिगिन्सवर.

आणि बारमधलं ते सेटिंग आवाज फक्त उशिरा करू शकतं. आवाजच मागे पडत असेल तर त्याने आणखी बिघडेल. मग ब्लूटूथ असेल तर काढा, बारमधले सराउंडचे परिणाम बंद करा. आवाज पुढे आणि चित्र मागे असेल तेव्हा मात्र टीव्हीचा किंवा प्रोजेक्टरचा 'गेम मोड' लावून बघा, किंवा बारमधून तेवढा उशीर द्या.

हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजातली 'वुडन्ट इट बी लव्हर्ली' आणि 'शो मी' ही दोन गाणी जादा विभागात मिळतात, मागच्या कव्हरवर नोंद बघून घ्या. मुलांना आधी सिनेमातलं ऐकवा, मग हे. निक्सनचा आवाज सुरेल आणि मोकळा आहे, हेपबर्नचा पल्ला कमी पण पात्र जास्त दिसतं. न्यूयॉर्कमध्ये १५ मार्च १९५६ ला नाटक सुरू झालं तेव्हा एलायझा ज्युली अँड्र्यूज होती आणि हिगिन्स हाच रेक्स हॅरिसन. नाटकात गाणारी नटी आणि सिनेमात न गाणारी नटी, या एका बदलाने गाण्यांची तब्येत कशी पालटली हे ऐकायचं असेल तर नाटकाच्या मूळ नटसंचाचा अल्बमही सोबत ठेवा.

नांदी | मंगळवार, रात्री ९:००

हे फार उपयोगी. सबटायटलचं काय? मुलांना इंग्रजी येतं पण एलायझाची सुरुवातीची बोली डोक्यावरून जाईल.

अक्षरजुळारी | मंगळवार, रात्री १०:१५

डिस्कवरची इंग्रजी सबटायटल चालू ठेवाच. दोन प्रकार असतात, त्यातला कर्णबधिरांसाठीचा निवडा. त्यात गाण्यांचे शब्द असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यात कधी कधी गाणी आली की सबटायटल गप्प होतात.

मराठी हवी असतील तर ब्लू-रे प्लेअरवर डिस्क चालू असताना बाहेरची एसआरटी, म्हणजे सबटायटलची, फाइल लावता येत नाही. संगणकावरून डीव्हीडी दाखवणार असाल तर येते. तेव्हा हे सांभाळा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतील. टीव्हीच्या यूएसबीला लावू नका, बऱ्याच टीव्हींना देवनागरी जुळवता येत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार भलतीकडेच. एमपीव्ही किंवा व्हीएलसीमध्ये मुक्ता किंवा नोटो फाँट देऊन नीट दिसतं. एका वेळी दोन ओळी, ओळीत फार तर चाळीस अक्षरं. अक्षराला काळी कड द्या, पांढऱ्या कपड्यांवर पांढरी अक्षरं हरवतात, आणि अ‍ॅस्कॉटला पांढरे कपडे भरपूर.

वर पट्टीबद्दल जे झालं तेच सबटायटलला लागू. पालसाठी बनवलेली फाइल २४ च्या चित्राला लावली की दर तासाला जवळजवळ अडीच मिनिटं पुढे जाते. सुरुवातीला बरोबर वाटतं, म्हणून फसायला होतं. शेवटच्या गाण्यावर नेऊन बघा. सबटायटल एडिट नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ करा, एका झटक्यात बसतं. नुसतं काही सेकंद मागे सरकवून उपयोग नाही, दहा मिनिटांत परत सुटतं. डीव्हीडी ०.९६ ने चालवत असाल तर पालची फाइल तशीच ठेवा, चित्रासोबत तीही मंदावते.

ब्लू-रेच वापरणार असाल तर माझी सूचना: प्रत्येक गाण्याआधीचा प्रसंग आणि गाण्याचा भाव दोन-तीन ओळींत लिहून एक पान छापून द्या. पडद्यावर डोळे ठेवून ऐकायला मोकळीक राहते.

होटगीरोड | बुधवार, सकाळी ९:२०

सुरुवातीला ओव्हर्चर आहे, मध्ये मध्यंतर आहे, शेवटी लोक उठून जाताना वाजायचं संगीतही आहे. पळवू नका. संगीत नाटकाला नांदी असते हे मुलांना सांगायला लागत नाही, ती ओव्हर्चर आपोआप ऐकतील. त्या वेळी दिवे निम्मे ठेवा, संपता संपता बंद करा.

मध्यंतर एलायझा राजदूताच्या नृत्यसमारंभाला निघते तिथे येतं. सिनेमाचा मोठा भाग तोवर झालेला असतो, त्यामुळे चहाला घाई नको, पंधरा मिनिटं द्या. सात वाजता सुरू केलात तर दहा वाजून पाच-दहा मिनिटांनी सुटेल. मे महिन्यात करणार असाल तर कूलरचा विचार आधी करा. त्याचा घरघराट हॅरिसनच्या हळू बोलण्यावर बसतो. हॉल साडेसहापर्यंत गार करून घ्या, मग कूलर कमी वेगावर. प्लेअर बंद कपाटात ठेवू नका, चारी बाजूंनी वीतभर मोकळं हवं. उन्हाळ्यात आधीच तापलेला हॉल, त्यात तापलेला प्लेअर, मग डिस्क मध्येच अडकते आणि लोक डिस्कला दोष देतात.

चाटीगल्ली | बुधवार, सकाळी १०:००

डिस्क पुसायला चादर, टॉवेल घेऊ नका ओ, सुताची गाठ ओरखडा काढती. चष्म्याचं मऊ कापड घ्या. मधून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नको. पाण्यानं पुसायचं तर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.

जुळेसोलापूर | बुधवार, दुपारी १:३०

हॉल लहान पडला तर फडकुले सभागृहात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरात करावं का? पालकही येतील.

अक्षरजुळारी | बुधवार, दुपारी २:१५

सभागृह घेऊन, बाहेरच्यांना बोलावून दाखवायचं असेल तर हक्कधारकाचा सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो, तिकीट असो वा नसो. घरगुती डिस्क घरी बघण्यापुरतीच असते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे तिथले शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच. खाजगी गायनवर्ग त्यात बसतो का, हे वकिलाला विचारूनच ठरवा. तोवर घरचा हॉलच बरा.

नांदी | बुधवार, रात्री ८:४०

ठरलं. २०१५ ची ब्लू-रे, मागचं कव्हर बघून. प्रोजेक्टर फुल एचडी, चादरी चार. एक शेवटचं: वर्गात जुन्या मराठी संगीत नाटकांच्या व्हीसीडी आहेत. त्यांनाही ०.९६ लावायचं का? त्याही पालच आहेत.

काळीचार | बुधवार, रात्री ९:३०

नाही, त्यांना हात लावू नका. रंगमंचावरचा प्रयोग व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेला असेल तर तो मुळातच २५ चौकटींचा. तिथे काही पळवलेलं नसतं आणि पट्टी गायकाने घेतली तीच असते. ०.९६ केलंत तर उलट तेवढीच उतरेल. चढण्याचा दोष फक्त २४ चौकटींनी चित्रित झालेल्या गोष्टी पालवर आणल्या की येतो. नाटकावरून केलेला मराठी सिनेमा पाल डीव्हीडीवर असेल तर मात्र तपासा. 'कट्यार काळजात घुसली'चा २०१५ चा सिनेमा घ्या, त्याचा अल्बम सहज मिळतो, ट्यूनर लावून पाच मिनिटांत कळेल.

व्हीसीडीत दोष निघेल तो वेगळा. चित्र ३५२ बाय २८८ चं, म्हणून प्रोजेक्टरवर मोठं करू नका, टीव्हीवरच दाखवा. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटंच मावतात, त्यामुळे तीन अंकी नाटक तीन डिस्कवर जातं आणि तोडलेली जागा कधी ऐन पदाच्या मध्ये येते. मुलांना दाखवायच्या आधी प्रत्येक डिस्कचा शेवट बघून ठेवा, म्हणजे पद कुठे तुटतं ते आधीच माहीत असेल.

आणि जुन्या प्रयोगात पट्टी हार्मोनियमशी जुळत नसेल तर आधी कॅसेटवरून उतरवलेलं आहे का ते बघा. टेप हळू किंवा जलद फिरली असेल तर सूर सरकतो, आणि तो ठरावीक ७१ सेंट नसतो. सुरुवातीच्या नांदीचा सा आणि शेवटच्या भैरवीचा सा, दोन्ही ट्यूनरवर घ्या. दोन्हीत फरक आला तर टेपचाच दोष, मग एकच आकडा टाकून सगळं सरळ होणार नाही. प्रत्येक पद वेगळं मोजावं लागेल.